खाली कोण जाणार

आमच्या आबाजींना दोन वयं होती. एक घरचं, एक खाणीच्या रजिस्टरातलं. १९५२च्या कायद्यानं जमिनीखालच्या कामाला अठरा वर्षं पूर्ण लागत. त्याहून लहान असलं तर डॉक्टरचा दाखला. आबाजी सोळाचे होते आणि दाखला आणायला डॉक्टर कुठून आणायचा, इथून तयारी होती. १९५३ साली हाजरी बाबूनं त्यांच्या खांद्यांकडे एकदा पाहिलं, रजिस्टरात अठरा लिहिलं आणि अंगठा घेतला. पुढे तेच वय बी फॉर्मात, म्हणजे कामगारांच्या कायम नोंदवहीत, उतरलं आणि पक्कं झालं. १९९५ मध्ये कागदावर साठ भरले तेव्हा आबाजी अठ्ठावन्नचे होते. कोणी हळहळलं की म्हणायचे, "दोन वर्सं आधीच उचल घेतली होती ना बापा. फेडली."

हे सगळं चांद्याकडचं. चंद्रपूर म्हणायची सवय त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. वर्धा नदीच्या या खोऱ्यात कोळसा उकरणं जुनंच आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७०च्या दशकात निघाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. मग बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, लालपेठ अशी नावं येत गेली. आमच्या घरची माणसं नेमक्या कुठल्या खाणीत होती ते मी लिहीत नाही. तिथली अर्धी वसाहत नात्यातली आहे आणि उरलेली अर्धी नात्यापेक्षा जवळची. वसाहतीत एका ओळीत तेलुगू, पुढच्या ओळीत बिलासपुरी, त्यापलीकडे गोरखपुरी. नळावरची भांडणं हिंदीत व्हायची आणि शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. आबाजींना तेलुगूत मोजता यायचं, भोजपुरीत चिडवता यायचं. मराठी मात्र चांद्याचीच.

आमच्या घरातून पहिल्यांदा खाली गेली ती त्यांची आई. पणजोबाही लोडरच होते, पण मी 'पहिल्यांदा' म्हणते ते मुद्दाम. बाईनं जमिनीखाली काम करायला १९३७ पासून पूर्ण बंदी होती. मग लढाई आली. मजूर लष्करी बांधकामांवर जास्त रोजीला निघून गेले, रेल्वेला कोळसा पुरेना, आणि १९४३ मध्ये सरकारनं ती बंदी उठवली, आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही. पणजोबा कोळसा भरायचे, पणजी टोपल्यानं टबापर्यंत, म्हणजे कोळशाच्या डब्यापर्यंत, न्यायची. आबाजी तेव्हा सहाचे. धाकटी बहीण अंगावर पिणारी. तिला अफूची बारीक गोळी चाटवून झोळीत टाकायचं आणि सहा वर्षांच्या पोरानं झोळीची दोरी धरून बसायचं, अशी व्यवस्था. त्या काळी मजूर बायका सर्रास करायच्या हे. बहीण दोन वर्षांचीही झाली नाही. अफूनं गेली की तापानं, ते घरात कोणी बोललं नाही. आबाजी एवढंच सांगायचे की झोळी सोडायला त्यांनाच लावलं होतं, कारण गाठ त्यांनीच मारलेली होती.

१९४६च्या फेब्रुवारीत बंदी परत आली आणि पणजी वर आली. वर म्हणजे कोळसा निवडायला, कमी रोजीवर.

कॉलेजात असताना मी वाचलं की बंदी उठली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. १९४४च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विधिमंडळात यावरून सरकारवर टीका झाली आणि त्या निर्णयाची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. कोळशाची निकड त्यांनी सांगितली, आणि या धंद्यात बाईला पुरुषाइतकाच पगार देण्याचं तत्त्व आणल्याचंही सांगितलं. मी ते वाचून हादरले होते. आमच्या घरात एकच तसबीर, आणि झोळीतल्या त्या पोरीचा धागा तिथवर जातो की काय, असं वाटायला लागलं. सुट्टीत गेल्यावर आबाजींना भीतभीतच सांगितलं. ते अजिबात हादरले नाहीत.

"मंग? लढाई होती. कोळसा नसता तं रेल्वे चालली असती का? अन् पगार तं सारखा केला ना त्याइनं."

थोडा वेळ गेला. सुपारी कातरून झाली. मग म्हणाले, "मायच्या हातात मात्र तो कधी आला नाई. टबाचा हिशेब बापाच्या नावानं लागे."

१६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेब नागपूरहून चांद्याला आले तेव्हा आबाजी रात पाळी करून, न झोपता दीक्षेला गेले होते. त्या दिवशीचं ते फार सांगत नसत. गर्दी किती, धूळ किती, पुढं काही दिसलंच नाही, असंच काहीबाही. पण त्यानंतर ते रात्रीच्या शाळेत बसून सही शिकले आणि पगाराच्या कागदावर पुन्हा अंगठा उठवला नाही. सही एवढी मोठी यायची की बाबू वैतागायचा, पुढच्याचा रकाना खाते म्हणून.

लोडरचे ते पुढे टिंबर मिस्त्री झाले, आणि हेच त्यांचं खरं काम. खाणीत कोळसा सगळा काढत नाहीत. गल्ल्या काढायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, त्यांना पिलर म्हणतात. शेवटी एकेक करून ते पिलरही कापून काढायचे आणि मागचं छत हळूहळू बसू द्यायचं. छत कधी बसणार, आपण निघाल्यावर की आधी, एवढाच प्रश्न असतो. तोवर ते तोलून धरायला लाकडाचे खांब उभे करायचे. ते टिंबर मिस्त्रीचं काम.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं ते आमच्या घरात. एका पावसाळ्यात मागच्या खोलीची तुळई वाकली, कवेलू सरकले. आबाजींनी आधी आम्हाला बाहेर काढलं. मग छडी उभी धरून उंची घेतली, धावड्याचा एक वासा उंचीपेक्षा चार बोटं कमी कापला. जमीन उकरून पक्की लागेपर्यंत खाली गेले, तिथं वाशाचा पाय ठेवला. माथ्यावर फळीचा सपाट तुकडा, आणि फळी नि वाशाच्या मधे पाचर. पाचरीवर घाव घालताना ते तुळईकडे बघत नव्हते. डोळे मिटून वाशाला हात लावून होते, आणि कुठल्यातरी एका घावानंतर थांबले. आणखी दोन घाव सहज बसले असते. मी विचारलं तर म्हणाले, "जास्त ठोकलं तं खांबच छत फोडते. त्याले फक्त टेकू द्या लागते." मग खांबाला कान लावला. "आता हा सांगीन."

लाकूड सांगतं, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती अंधश्रद्धा नव्हती. वरचा भार वाढला की लाकडाची साल आधी तडकते, मग आतून चरचर सुरू होते, आणि त्या चरचरीपासून खांब मोडेपर्यंत माणसाला पळायला वेळ मिळतो. थोडा, पण मिळतो. छत तपासायचीही त्यांची रीत होती. एका हातानं सब्बल ठोकायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला टेकवायचा. पोकळ आवाज कोणालाही कळतो. पण आवाज ठणठणीत आला आणि तळव्याला बारीक थरथर लागली, तर दगड सुटलेला आहे असं समजायचं. "कान फसवते, तळवा नाई फसवत," म्हणायचे. त्यांच्या तळव्यावर, कोपरांवर निळसर रेषा होत्या, जखमा भरताना कातडीखाली राहिलेल्या कोळशाच्या. पणजीच्या हातावरच्या गोंदणाचाच तो रंग.

त्यांना मी थोर करतेय असं वाटू नये म्हणून सांगते: पगाराच्या दिवशी मोहाची पिऊन यायचे. आजीवर हात उचलल्याचंही मी वसाहतीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं आहे, आजीनं कधी सांगितलं नाही. नातवंडांच्या वाट्याला मऊ म्हातारा आला. पोरांच्या वाट्याला दुसराच माणूस आला होता.

मालकांच्या काळात हिशेब टबावर होता. दगड निघाला, टब कापला. भरलेला टब वर जाताना त्यावर कोणाचा टोकन लागला यावर मारामाऱ्या व्हायच्या. १९७३च्या जानेवारीअखेर सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या आणि १ मेपासून त्या रीतसर सरकारी झाल्या. त्यानंतरचं आबाजी थोडक्यात सांगायचे: पगार वाढला, व्याजाचे पैसे वसूल करणारा पठाण दारात यायचा थांबला, रविवारी कामाला गेलं तर दुप्पट मिळायला लागले. चुलीला कोळसा फुकटचाच होता. आमच्या वसाहतीवर सकाळ-संध्याकाळ शेगड्यांचा धूर असा बसायचा की वाळत घातलेले कपडे आत घ्यावे लागत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नोकरी घरात राहायला लागली. कामगार नोकरीत असताना वारला किंवा कायमचा निकामी झाला, तर घरातल्या एकाला काम. कोळसा पट्ट्यात 'बापाच्या जागेवर लागला' हे वाक्य आनंदानं सांगितलं जातं आणि पेढेही वाटले जातात. बाहेरच्याला ते विचित्र वाटेल. तिथं वाढलेल्याला वाटत नाही, आणि तेच मला आता विचित्र वाटतं.

माझे वडील त्याच खाणीत ड्रेसर होते. सुरुंगाची गोळी उडाली की आधी आत जाऊन छताला लोंबणारे दगड सबलीनं पाडायचे, म्हणजे मागून येणाऱ्यांच्या डोक्यावर पडू नयेत. तळवा टेकवायला त्यांना आबाजींनीच शिकवलं होतं. १९९७च्या हिवाळ्यात छत पडलं. मी अकरा वर्षांची होते, दादा पंधरा ओलांडलेला. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

आबाजींनी मात्र त्या पाळीतल्या एका जुन्या सोबत्याला गाठून विचारलं होतं, लाकूड बोललं होतं का? तो म्हणाला, तिथं लाकूड नव्हतंच, बोल्ट होते. तेव्हा खाणींत रूफ बोल्टिंग आलं होतं. छतात भोक पाडून पोलादी दांडा आत पक्का बसवायचा, म्हणजे दगडाचे थर एकमेकांना शिवल्यासारखे होतात. खांबापेक्षा ही पद्धत चांगली, तिच्यामुळे पुष्कळ जीव वाचले, आणि हे मी शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकून मान्य केलेलं आहे. आबाजींनीही वाद घातला नाही. फक्त "लोखंड मुकं असते," एवढं म्हणाले, आणि त्यानंतर लाकडाच्या गोष्टी सांगणं बंद झालं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दोन दिवसांनी युनियनचे एक काका कागद घेऊन आले. आमच्या सोप्यात सतरंजीवर बसून त्यांनी समजावून सांगितलं. दोन वाटा होत्या. एक, बाईनं म्हणजे माझ्या आईनं आत्ता नोकरी घ्यायची. दुसरी, आईनं नोकरी न घेता महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची आणि दादाचं नाव 'लाइव्ह रोस्टर'वर टाकायचं. अठराचा झाला की तो लागणार. त्या यादीत नाव मुलाचंच जायचं. माझं नाव निघालं नाही, आणि कोणाला ते खटकलंही नाही, मलाही नाही.

धाकटे काका लगेच म्हणाले, रोस्टर. आजीही तेच म्हणाली. त्यांचं चूक नव्हतं. आई तेव्हा चौतिसाची होती, सातवी शिकलेली, बाजाराखेरीज एकटी कुठं गेली नव्हती. दादाला पुढं चाळीस-बेचाळीस वर्षांची सरकारी नोकरी मिळाली असती. आईच्या नोकरीचं आयुष्य त्याहून किती कमी, हे कोणालाही बोटांवर मोजता येत होतं. वसाहतीत सगळ्यांनी तसंच केलं असतं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला कोणी विचारलं नाही.

आबाजी बराच वेळ ऐकत होते. मग युनियनवाल्या काकांना विचारलं, "पोट्टा कोणत्या कामावर लागीन?"

"जनरल मजदूर. सुरुवातीले अंडरग्राउंडच, दुसरं काय."

"अन् सून?"

"सरफेसले. बाईले खाली नेताच येत नाई, कायदा आहे."

"पक्का कायदा?"

"हो ना. नेला तं मॅनेजरवर केस होते."

"मंग सूनच जाईन," आबाजी म्हणाले आणि उठून शेगडी बघायला गेले.

एवढंच. ना भाषण, ना डोळ्यांत पाणी. ज्या कायद्यानं त्यांच्या आईची रोजी कमी केली होती, त्याच कायद्याचा आधार त्यांनी पन्नास वर्षांनी घेतला, हे माझं गणित. त्यांनी ते केलं असेल असं मला वाटत नाही. एवढं विचारलं की खाली कोणाला नेता येत नाही, आणि तिचं नाव पुढं केलं. काका त्या रात्री उठून गेले ते वर्षभर आले नाहीत. आजी दोन दिवस जेवली नाही. "नातवाची भाकर सुनेच्या पदरात टाकली," हे आजीनं शेवटपर्यंत ऐकवलं.

आईला लॅम्प रूममध्ये काम मिळालं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा आणि कमरेची बॅटरी द्यायची, टोकन घ्यायचं, पाळी सुटल्यावर दिवा परत घेऊन चार्जिंगला लावायचा. कुठला खण रिकामा राहिला यावरून खाली कोण राहिलं ते कळतं, त्यामुळे नजर खणांवर ठेवायची. पहिले काही महिने ती पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून जायची आणि टोकन घेताना हातही बाहेर काढायची नाही, काउंटरवर ठेवा म्हणायची. नंतर नंतर ओरडायला शिकली. बॅटरी नीट न बांधता निघालेल्याला मागे बोलवायची, मग तो पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन का असेना.

घरी सकाळची शेगडी आबाजींच्या अंगावर आली. पोळ्या त्यांना कधी जमल्या नाहीत, भाकरी बऱ्या करायचे, भाजीत मीठ विसरायचे. डबा बांधून आईच्या हातात देताना सुनेला 'अहो-जाहो' करायला लागले होते, म्हणजे चेष्टेत. पण पगार? पहिली काही वर्षं पगाराचं पाकीट आबाजीच उघडायचे. समान पगाराचं कौतुक सांगणारा, आपल्या आईच्या हातात रोजी पडली नाही म्हणणारा हाच माणूस, सुनेनं पाकीट आणून समोर ठेवलं की नोटा मोजून आजीकडे द्यायचा. त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. हे बंद केलं आईनं. एका महिन्यात तिनं पाकीट ठेवलंच नाही. माझ्या फीचे पैसे परस्पर भरून आली आणि उरलेले डब्यात ठेवून डब्याची जागा सगळ्यांना सांगितली. आबाजी काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी सुपारीला पैसे मागितले तेव्हा आईलाच फार कसंतरी झालं होतं.

आबाजी २०११च्या उन्हाळ्यात गेले. चंद्रपूरचा मे, सकाळी दहालाच रस्ते ओस. त्या खाणीतून आता कोळसा निघत नाही. आजूबाजूला मोठ्या ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खणलेल्या, खाणी आहेत, तिथं माणूस खाली जात नाही, डंपर जातात. उकरलेल्या मातीचे डोंगर इतके झालेत की गावाकडे येणाऱ्या पाहुण्यांना त्या टेकड्या खऱ्या वाटतात. त्यांवर बाभळी वाढल्या आणि बाभळींत वाघही येऊन राहिले. आबाजींना यातलं काय पटलं असतं मला सांगता येत नाही. ब्लास्टिंगनं भिंती हादरल्या की ते तळवा टेकवून बघायचे, एवढं आठवतं.

२०१९च्या सुरुवातीला सरकारनं बायकांना जमिनीखाली काम करायला परवानगी दिली. दिवसाच्या पाळीत, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांवर, एकटीनं नाही. बातमी वाचून मी आईला फोन केला. ती तेव्हा दुसऱ्या एका खाणीच्या लॅम्प रूमला होती. मी पणजी, १९४३, १९४६ असं सगळं जुळवून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. पुढे केव्हातरी एक मुलगी, इंजिनियर, दिवा घ्यायला तिच्या काउंटरवर आली. त्याबद्दल आईनं सांगितलं ते इतकंच, की टोपी तिले मोठी होत होती, आतला पट्टा आवळून द्यावा लागला.

माझं शिक्षण त्या पगारावर झालं. दादाचंही, आयटीआयपर्यंत. तो इलेक्ट्रिशियन झाला आणि इकडच्याच एका सिमेंट कारखान्यात कंत्राटदाराकडे आहे. कंत्राटदार बदलतात, दादा तोच राहतो. रोस्टरवर नाव गेलं असतं तर २००० साली लागला असता. त्याच्या वर्गातले जे लागले त्यांची आज पक्की घरं आहेत, पोरं नागपूर-पुण्याला शिकतात, आणि त्यातले बहुतेक धडधाकट आहेत. हेही खरंच ना. सगळ्यांवर छत पडत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी दादाला विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "तू लिहिशीन का आबाजीनं मले वाचवलं. लिही. पण मंग माहा पगारही लिही, आकड्यात."

मी आकडा लिहिला होता. त्याला वाचून दाखवला तेव्हा म्हणाला, राहू दे, वहिनी वाचते तुझं.